अंतराळातील धडा आणि अंथरुणावरचे वार्धक्य

कोथरूडमधील जुन्या सहकारी गृहरचना संस्थांत एक प्रसंग वारंवार घडतो. इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, घर वरच्या मजल्यावर. मुले अमेरिकेत किंवा बंगळुरास. घरात सत्तरी ओलांडलेले पतिपत्नी. त्यांपैकी एकाचा स्नानगृहात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते आणि ती यशस्वीही होते. पुढे महिना-दीड महिन्याने तो माणूस जातो, परंतु मोडलेल्या हाडामुळे नव्हे. कधी न्यूमोनिया होतो, कधी मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होतो, कधी पाठीला झालेली जखम चिघळते. शेजारीपाजारी हळहळतात आणि म्हणतात, "पडण्याचे केवळ निमित्त झाले, एकदा अंथरूण धरले ते पुन्हा उठलेच नाहीत."

या साध्या उद्गारात जे शरीरशास्त्रीय सत्य दडलेले आहे, त्याचा कसून शोध गेली पन्नासहून अधिक वर्षे एका अनपेक्षित क्षेत्रात चालू आहे. ते क्षेत्र अंतराळवैद्यकाचे. वजनरहित अवस्थेत माणसाच्या प्रतिकारशक्तीचे काय होते, हा त्यातील एक महत्त्वाचा प्रश्न. अंतराळात माणूस पाठविणे ही श्रीमंत राष्ट्रांची हौस आहे आणि तेथील दुखणी ही मूठभर अंतराळवीरांची दुखणी आहेत, अशी आपल्याकडील सुशिक्षितांचीही समजूत असते. ती तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे; कारण भारतानेही या उद्योगात सार्वजनिक पैसा घातला आहे आणि त्या पैशातून मिळणाऱ्या ज्ञानावर खाटेला खिळलेल्या वृद्धांचा हक्क सर्वांत मोठा आहे.

पृथ्वीवरची वजनरहितता

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, हे खरे नाही. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही ते भूपृष्ठावरच्या सुमारे नव्वद टक्के असते. स्थानक आणि त्यातील माणसे पृथ्वीभोवती एकाच वेगाने सतत 'पडत' असतात, म्हणून पायाखाली जमिनीचा आधार जाणवत नाही आणि शरीर तरंगते. ही अवस्था जमिनीवर निर्माण करता येत नाही. विशिष्ट वक्र मार्गाने झेपावणाऱ्या विमानात ती मिळते, परंतु एका वेळी वीस-बावीस सेकंदांपुरतीच. एवढ्या अवधीत प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो की नाही, हे कळणे अशक्य.

त्यामुळे शास्त्रज्ञांनी या अवस्थेची नक्कल करण्याच्या युक्त्या शोधून काढल्या. त्यांतील सर्वांत साधी युक्ती म्हणजे माणसाला अंथरुणावर निजवून ठेवणे. १९७० मध्ये सोव्हिएत संघाच्या 'सोयूझ-९' यानातून निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह हे अठरा दिवसांच्या प्रवासानंतर परतले, तेव्हा त्यांना धड उभेही राहवत नव्हते. अंतराळात तरंगणे आणि अंथरुणाला खिळणे यांच्या परिणामांत विलक्षण साम्य आहे, याची जाणीव त्या काळी तीव्रतेने झाली. पुढे खाटेची डोक्याकडील बाजू सहा अंशांनी खाली ठेवली, तर शरीरातील द्रव अंतराळातल्याप्रमाणे डोक्याकडे सरकतात असे दिसून आले आणि तीच जगभर मान्य झालेली पद्धत ठरली. दुसरी रीत रशियन संशोधकांनी रूढ केली. कोमट पाण्याच्या टाकीवर जलरोधक कापड सैल पसरून त्यात माणसाला आडवे ठेवावयाचे. अंग कोरडे राहते, परंतु शरीराला कोठेही टणक आधार मिळत नाही.

जर्मनीतील कोलोन शहरात २०१९ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय संस्थांच्या सहकार्याने असा एक मोठा प्रयोग झाला. चोवीस निरोगी स्त्रीपुरुष प्रत्येकी साठ दिवस डोके खाली करून निजून राहिले. जेवण, स्नान, शौच, सर्व काही आडव्यानेच. पूर्वतयारी आणि नंतरची देखभाल धरून सुमारे तीन महिन्यांच्या या कामाबद्दल स्वयंसेवकांना साडेसोळा हजार युरो देऊ करण्यात आले होते. निजून राहण्याचे एवढे वेतन! परंतु शरीराचे जे नुकसान ते पत्करत होते, त्याची ती किंमत होती. या आकड्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

पेशींच्या बाबतीत आणखी वेगळी युक्ती वापरतात. रक्तातील पांढऱ्या पेशी पोषक द्रवाने भरलेल्या नळकांड्यात घालून ते संथ गतीने फिरवीत ठेवतात. खाली कोणते आणि वर कोणते, हे पेशीला जणू उमगतच नाही. तळाशी बसण्यापूर्वीच तिची दिशा बदलते. हे भांडे अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेत १९८० च्या दशकात विकसित झाले. आज अनेक प्रयोगशाळा त्याचा वापर करतात.

रखवालदार पेंगू लागतात

अंतराळवीरांची प्रतिकारशक्ती घटते, हा संशय अपोलो मोहिमांपासूनचा. १९६८ मध्ये 'अपोलो-७' मधील तिघाही प्रवाशांना सर्दीने बेजार केले होते. १९७० मध्ये 'अपोलो-१३' वर अपघात झाला आणि त्यानंतरच्या परतीच्या प्रवासात फ्रेड हेझ हा अंतराळवीर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने फणफणला. अपोलोच्या एकूण प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिकांना प्रवासात किंवा परतल्यावर आठवड्याभरात कोणता ना कोणता संसर्ग झाला. 'अपोलो-१४' पासून उड्डाणापूर्वी प्रवाशांना इतरांपासून दूर ठेवण्याची शिस्त घालण्यात आली आणि तिचा उपयोगही झाला. तथापि संसर्ग का होतो, हा मूळ प्रश्न उरलाच.

त्याचे पहिले ठोस उत्तर १९८३ मध्ये मिळाले. स्वित्झर्लंडमधील ऑगुस्तो कोगोली यांनी मानवी रक्तातील लसिका पेशी अवकाशयानातील 'स्पेसलॅब' या प्रयोगशाळेतून पाठविल्या. परक्या घटकाची चाहूल लागताच या पेशींनी जागे व्हावयाचे, वेगाने वाढावयाचे आणि हल्ला चढवावयाचा, असा निसर्गाचा दंडक. त्या जाग्या व्हाव्यात म्हणून एक वनस्पतिज प्रथिन वापरण्यात आले. जमिनीवर ठेवलेल्या पेशी नेहमीप्रमाणे सरसावल्या. अंतराळातील पेशींचा प्रतिसाद मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक घटलेला आढळला. पुढे फिरत्या भांड्यांतही अशीच घट दिसून आली आणि वजनरहिततेची नक्कल निदान या बाबतीत उपयोगी आहे, याची खात्री पटली.

असे का व्हावे? पेशीच्या आत बारीक तंतूंचा एक सांगाडा असतो. पेशीला आकार देणे, तिला सरकू देणे आणि पृष्ठभागावर आलेला निरोप केंद्रकापर्यंत पोचविणे ही कामे त्याच्या साहाय्याने चालतात. भार नाहीसा झाला की या सांगाड्याची मांडणी विस्कळीत होते. निरोप उशिरा पोचतो किंवा अर्धवट पोचतो. परिणामी पेशीला वाढीची आज्ञा देणारी जनुके पुरेशी कार्यान्वित होत नाहीत आणि इंटरल्यूकिन-२ हे महत्त्वाचे संदेशद्रव्य कमी तयार होते. रखवालदार दाराशी हजर आहे, परंतु पेंगतो आहे, अशी ती स्थिती होय.

अलीकडच्या संशोधनाने हे चित्र अधिक स्पष्ट केले आहे. २०२३ मध्ये स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी कोरड्या टाकीत तीन आठवडे राहिलेल्या आठ व्यक्तींचे रक्त तपासले. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या टी-पेशींतील जनुकांचे कार्य लक्षणीय बदलले आणि कधीच शत्रू न पाहिलेल्या नवख्या पेशींसारखे ते दिसू लागले. तिसऱ्या आठवड्याअखेर शरीराने थोडेफार जुळवून घेतले. परंतु प्रयोग संपल्यावर, म्हणजे पृथ्वीचा भार पुन्हा अंगावर आल्यावर, काही बदलांनी पुन्हा डोके वर काढले. अंथरुणातून उठण्याचा काळदेखील शरीराला नव्याने हादरा देणारा असतो, हा यातील सूचक भाग. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात केवळ पंचवीस तासांच्या कृत्रिम वजनरहिततेनेही रक्तातील विविध प्रतिकारक पेशींच्या वागणुकीत बदल झाल्याचे दाखविण्यात आले.

याची दृश्य खूण म्हणजे शरीरात दबून बसलेल्या विषाणूंचे जागे होणे. लहानपणी कांजिण्या आलेल्या माणसाच्या मज्जातंतूंत तो विषाणू जन्मभर झोपून राहतो आणि पहारा ढिला पडला की नागिणीच्या रूपाने बाहेर येतो. अंतराळवीरांच्या लाळेच्या आणि लघवीच्या तपासण्यांत, निम्म्याहून अधिक जणांत नागीण आणि तत्सम विषाणू पुन्हा सक्रिय झालेले आढळले. बहुतेकांना प्रत्यक्ष आजार झाला नाही, हे खरे. परंतु हे लोक निवडून घेतलेले, ऐन उमेदीतले आणि उत्तम प्रकृतीचे होते, हे विसरून चालणार नाही. उलट बाजूने, २००६ मध्ये अवकाशयानातून नेलेले साल्मोनेला जंतू परतल्यावर उंदरांना अधिक घातक ठरले. पहारेकरी सुस्त आणि चोर मात्र अधिक धीट, असा हा दुहेरी प्रकार आहे.

प्रतिरूपाच्या मर्यादा

येथवरच्या माहितीवरून 'वृद्ध अंथरुणाला खिळला म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती अंतराळवीराप्रमाणेच नष्ट होते' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे; परंतु ते चूक ठरेल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी 'इतर परिस्थिती कायम राहिल्यास' हे पालुपद शिकविले जाते. प्रत्येक प्रतिरूप काही गोष्टी धरते आणि काही सोडून देते. काय सोडले, हे विसरणारा शास्त्रज्ञ आणि नियोजनकार दोघेही फसतात.

डोके खाली करून निजविलेल्या माणसाच्या अंगावर गुरुत्वाकर्षणाचा भार असतोच. त्याची दिशा तेवढी बदललेली असते. अंतराळातील किरणोत्सर्ग, उड्डाणाचा ताण, दिवसातून सोळा वेळा होणारे सूर्योदय आणि त्यामुळे विस्कटलेली झोप या गोष्टी त्या खाटेवर नसतात. म्हणूनच अशा प्रयोगांत प्रतिकारशक्तीवर होणारे परिणाम अंतराळातल्यापेक्षा सौम्य आणि काहीसे विसंगतही आढळतात. फिरत्या भांड्यातील पेशीला तर शरीरच नसते. शिवाय प्रयोगातील बहुतेक माणसे तरुण आणि निरोगी, तर आपल्या घरातील रुग्ण वृद्ध, बहुधा मधुमेही आणि शस्त्रक्रियेने थकलेला. त्याला न्यूमोनिया होतो तो केवळ पांढऱ्या पेशी सुस्तावल्यामुळे नव्हे. उथळ श्वास, गिळण्यातील अडचण, छातीत साठणारा कफ हीदेखील त्याची कारणे होत.

मग या प्रयोगांतून निश्चितपणे हाती काय लागते? अंथरूण निरुपद्रवी नाही, ही गोष्ट. विश्रांती म्हणजे औषध, अशी आपली परंपरागत धारणा आहे. परंतु गरजेपलीकडची विश्रांती हे स्वतंत्र दुखणे आहे, हे या संशोधनाने निर्विवाद सिद्ध केले. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की शारीरिक कार्यक्षमतेचे जेवढे नुकसान तीस वर्षांच्या वयोमानाने झाले होते, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांनी केले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांनी केवळ दहा दिवस निजून काढले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसल भाग झडला. स्नायू हा प्रतिकारशक्तीचाही राखीव साठा आहे. आजारपणात शरीराला लागणारी प्रथिनांची सामग्री तेथूनच उचलली जाते. तो साठा आटलेल्या वृद्धावर जंतूंचा हल्ला झाला, तर त्याच्या गाठीला काही उरलेले नसते. आपल्या जुन्या माणसांची 'हातीपायी धड असताना जावे' ही इच्छा भाबडी नव्हती.

खर्च कोणाचा, लाभ कोणाला

१९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा 'सल्यूत-७' स्थानकात जवळजवळ आठ दिवस राहिले, तेव्हा वजनरहित अवस्थेत योगासनांचा उपयोग होतो काय, हे त्यांनी पडताळून पाहिले होते. एक्केचाळीस वर्षांनी, २०२५ च्या जून-जुलैमध्ये, शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात राहून आले आणि स्नायूंच्या पेशींवरील प्रयोगही त्यांच्या कार्यक्रमात होता. दरम्यान २०१८ मध्ये गगनयान मोहिमेस मान्यता मिळाली. २०२४ मध्ये मानवी अंतराळप्रवासाच्या या कार्यक्रमाची मंजूर रक्कम २०,१९३ कोटी रुपयांवर गेली. देशाच्या लोकसंख्येने भागल्यास ती माणशी दीडशे रुपयांच्या आत येते. ती फार मोठी नाही, तशी नगण्यही नाही.

या खर्चाच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद नेहमी केला जातो: अंतराळसंशोधनातून सामान्यांना आनुषंगिक लाभ होतात. हा युक्तिवाद जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. वृद्धांची शुश्रूषा हेच उद्दिष्ट असेल, तर तो पैसा सरळ वृद्धांच्या शुश्रूषेवर खर्च करणे केव्हाही अधिक किफायतशीर. अंतराळात माणूस पाठवावा की नाही, याचा निर्णय त्या मोहिमेच्या स्वतःच्या गुणांवर व्हावयास हवा. परंतु एकदा तो निर्णय झाला, खर्च झाला आणि ज्ञान निर्माण झाले, की त्या ज्ञानाचा आणखी एका माणसासाठी उपयोग करण्यास येणारा वाढीव खर्च जवळजवळ शून्य असतो. ज्ञानाचे हे वैशिष्ट्य होय. ते वाटल्याने घटत नाही. अशा स्थितीत ते प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहू देणे, हा सार्वजनिक पैशाचा शुद्ध अपव्यय ठरतो.

या संदर्भात पुण्याची जबाबदारी विशेष आहे. पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यात उभी राहिली, तेव्हा तिचा आरंभीचा संसार कोथरूडच्या पौड रस्त्यावरच होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. तीच पुढे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणून विद्यापीठाच्या आवारात स्थिरावली आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवू लागली. विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे. ससून रुग्णालय आणि बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय येथेच आहे. खर्च आणि लाभ यांचा हिशेब मांडू शकणारी गोखले अर्थशास्त्र संस्थाही येथे १९३० पासून आहे. बंगळुरातील हवाई दलाच्या अंतराळवैद्यक संस्थेपाशी अंतराळवीरांच्या देखभालीचे जे ज्ञान आहे, त्याची आणि पुण्यातील या संस्थांची गाठ घालून देणे अवघड नाही. अंतराळवीराच्या रक्ताची जी तपासणी होते, तीच खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर निजून असलेल्या शंभर वृद्धांच्या बाबतीत पद्धतशीरपणे झाली, तर तिचे मोल मोठे असेल. भारतीय वृद्धाचा आहार, त्याचा मधुमेह, त्याच्या शरीरात दबलेला क्षयाचा जंतू, यांचा विचार कोलोनच्या प्रयोगात होणे नाही. तो येथेच व्हावयास हवा.

आता त्या साडेसोळा हजार युरोंकडे वळू. प्रयोगासाठी निजणाऱ्या निरोगी माणसाभोवती डॉक्टर, आहारतज्ज्ञ, व्यायामतज्ज्ञ यांचा ताफा असतो आणि वर त्याला मोबदलाही मिळतो. आपल्याकडे खरोखरीच अंथरूण धरलेल्या वृद्धाभोवती कोण असते? बहुधा त्याची तितकीच थकलेली पत्नी, नोकरी सांभाळणारी सून किंवा मुलगी, नाहीतर रोजावर ठेवलेली एखादी बाई, जिला रुग्णाची कूस कशी बदलावी हे कोणी शिकविलेले नसते. घरातील शुश्रूषेचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरले जात नाहीत. म्हणून धोरणातही त्यांना जागा मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु ते संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. वृद्ध पुन्हा आपल्या पायांवर उभा राहावा म्हणून महिनोन्महिने घरी जे करावे लागते, त्याचा भार कुटुंबावरच राहतो. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि त्यात फिजिओथेरपीची तरतूदही आहे. परंतु तो उपचार घेण्यासाठी जिना उतरून जावे लागते, आणि जिना उतरता येत नाही हेच तर दुखणे आहे.

करावयाचे काय

अंतराळस्थानकातील अनुभव या बाबतीत मार्गदर्शक ठरावा. तेथील प्रवासी रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. अधिक चांगली व्यायामसाधने, ताजे अन्न, झोपेची शिस्त आणि घरच्यांशी वरचेवर बोलण्याची सोय या सुधारणा झाल्यानंतर तेथील माणसांची प्रतिकारशक्ती आणि दबलेल्या विषाणूंवरील तिचा ताबा पूर्वीपेक्षा सुधारल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे. प्रवासापूर्वी ज्यांची शारीरिक क्षमता चांगली, त्यांच्यात हे विषाणू कमी जागे झाले, असेही आढळले. व्यायाम, आहार, झोप आणि माणसांचा सहवास, या चार गोष्टींत महागडे असे काय आहे? कोट्यवधी रुपयांच्या संशोधनाने जे सांगितले ते कोथरूडच्या वृद्धाला पुरविणे सहज शक्य आहे. प्रश्न व्यवस्थेचा आहे.

म्हणून काही गोष्टी ताबडतोब हाती घ्यावयास हव्यात. पहिली, रुग्णालयातून वृद्धाला घरी सोडताना औषधांच्या यादीबरोबरच त्याला कधी बसवावयाचे, कधी उभे करावयाचे आणि कोणते व्यायाम द्यावयाचे याचा लेखी कार्यक्रम देणे बंधनकारक व्हावे. दुसरी, महापालिकेच्या दवाखान्यांशी जोडलेले फिजिओथेरपिस्ट ठरावीक दिवशी प्रभागातील घरी जाऊन उपचार करतील, अशी सोय व्हावी आणि सरकारी विमायोजनेने तो खर्च उचलावा. तिसरी, शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांसाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असावे. त्यामुळे रुग्णाचा लाभ होईल आणि त्यांची मजुरीही वाढेल. चौथी, प्रौढांच्या लसीकरणाचा गंभीरपणे विचार व्हावा. आपला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी आहे. न्यूमोनिया, फ्लू आणि नागीण यांच्या लसी वृद्धांना स्वतःच्या खिशातून घ्याव्या लागतात आणि नागिणीच्या लसीची किंमत तर सामान्य निवृत्तिवेतनधारकाला दडपून टाकणारी आहे. निदान खाटेला खिळण्याचा धोका असलेल्यांना तरी त्या सवलतीत मिळावयास हव्यात.

पाचवी गोष्ट वैद्यकाची नव्हे, नगररचनेची आहे. कोथरूडमधील अनेक जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे आणि त्यांना लिफ्ट मिळत आहे. परंतु बांधकाम व्यावसायिकाला ज्या भूखंडात नफा दिसत नाही, तेथील वृद्धांनी वरच्या मजल्यावर कोंडून का राहावे? अशा इमारतींना लिफ्टसाठी कमी व्याजाचे कर्ज मिळावे. पदपथ गाड्यांनी आणि फेरीवाल्यांनी अडलेला असेल, तर सत्तरीच्या माणसाला 'रोज चाला' हा सल्ला देणे ही क्रूर थट्टा होय. पदपथ मोकळा ठेवणे, हा खऱ्या अर्थाने आरोग्यखर्चच आहे.

येथे एक इशाराही द्यावासा वाटतो. २०२० च्या साथीनंतर 'प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या' काढ्यांचा, गोळ्यांचा आणि चूर्णांचा बाजार तेजीत आला. अंतराळसंशोधनाचे नाव घेऊन उद्या आणखी काही वस्तू दुकानांत येतील. कारण प्रयोगशाळेतील पेशींवर एखाद्या वनस्पतिज द्रव्याचा अनुकूल परिणाम दिसल्याच्या बातम्या येतच असतात. भांड्यातील पेशी सुधारणे आणि माणूस बरा होणे यांमधले अंतर फार मोठे आहे. ते विसरायला लावण्यातच जाहिरातीचा फायदा असतो. वृद्धाचे तुटपुंजे व्याज अशा डब्यांवर उडण्यापेक्षा अंडी, दूध, डाळी आणि फिजिओथेरपिस्टची फी यांवर खर्च होणे शहाणपणाचे.

एवढा खर्च सरकारने का करावा, असा आक्षेप येईल. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण नेमकी अशा वेळी आठवते. परंतु अंथरूणच महाग पडत आहे, हे त्या आक्षेपकाने ध्यानात घ्यावे. वृद्ध निजून राहिला की त्याच्यामागे घरातील एका मिळवत्या माणसाचा रोजगार बुडतो. पुन्हा संसर्ग झाला की पुन्हा रुग्णालय, आणि त्याचे बिल अखेर सरकारी योजनेकडेच येते. प्रतिजैविकांचा वारेमाप वापर होऊन त्यांना न जुमानणारे जंतू वाढतात, ते साऱ्या समाजाचे नुकसान. तो उभा राहावा म्हणून आधी केलेला लहान खर्च, तो पुन्हा पुन्हा दाखल झाल्यावर करावा लागणारा मोठा खर्च वाचवितो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरील लोक दहा कोटींहून अधिक होते आणि ती संख्या त्यानंतर वाढतच गेली आहे. ज्या राज्यात हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा अधिक, त्या महाराष्ट्राने वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

अंतराळवीर परततो तेव्हा त्याला यानातून हात धरून बाहेर काढतात, खुर्चीत बसवितात, आठवडेच्या आठवडे त्याच्याकडून व्यायाम करवून घेतात आणि तो पुन्हा ताठ चालू लागेपर्यंत त्याचा पिच्छा सोडत नाहीत. तो दुबळा झाला हा त्याचा दोष आहे, असे कोणी म्हणत नाही. तो वजनरहित अवस्थेचा परिणाम आहे, हे सर्वांना ठाऊक असते. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर सहा आठवडे निजून असलेल्या वृद्धाचे दुबळेपण मात्र आपण वयाच्या खाती मांडून मोकळे होतो. 'आता वयच झाले' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी त्यातील किती भाग वयाचा आणि किती अंथरुणाचा, हे विचारण्याची सवय डॉक्टरांनी, कुटुंबांनी आणि महापालिकेने लावून घेतली पाहिजे. वयावर इलाज नाही, अंथरुणावर आहे.